दोन गाठींची पुडी

मु. पो. मिरजगाव, ता. कर्जत, जि. नगर
१२ जानेवारी २०२५

चि. ज्ञानेश्वरीस आत्याचा आशीर्वाद.

तू फोन करतीस आन् मी नुसतं "व्हय, व्हय" म्हनते, तवा तुला वाटत आसंल आत्याला समदं कळलं. काय बी कळत न्हाई. अमृतनं कानाचं मशीन आनलंय, पर ते लावलं की कानात कुकरची शिट्टी व्हती. मोबाईलवरची अक्षरं मुंग्यांवानी दिसत्यात. तवा तू आपलं कागदावर लिव. तुझ्या बापानं तुला शाळंसाठी माझ्याकडं ठिवलं हुतं तवा उजळनी मीच घेतली तुझी. आता तू मला वाचाया दे.

हितं बरं हाय. ज्वारी हुरड्याला आली. अमृतच्या आदीचं जावळ काढलं, तिसरं लागलं न्हवं त्याला. मामाच्या, पंकजाच्या भावाच्या मांडीवर बसून पोरगं आसं वरडलं की न्हाव्यानं वस्तरा खाली ठिवला. म्हनला, "आजी, ह्याला शाळंत घाला, शिकून शाना झाला की मग आना." आता डोकं तुळतुळीत झालंय आन् डोळं आनखीच मोठं दिसत्यात. घारं हायेत, तुला ठावं हाय. आमच्या घरात घारं कुनी न्हाई. बाया येत्यात, डोक्यावरनं हात फिरवत्यात आन् बघत्यात डोळ्याकडं. मला ऐकू येत न्हाई, पर दिसतं.

संगं शेंगदान्याची चटनी आन् हुलग्याचं पीठ पाठवलंय. फडक्यात शिवलंय. डिंक आन् त्या पिनांवर माझा इस्वास न्हाई.

बाया इचारत्यात, भाची दर्याच्या काठी काय करती? मी सांगते, शास्त्रज्ञ हाय. त्या म्हंत्यात, व्हय, पर करती काय? तिथं माझं तोंड बंद व्हतं. तेवढं नीट समजंल आसं लिव.

तुझी आत्या,
झुंबरबाई

*

मालवण
२२ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,

चटणी पोचली. तुझी शिवण मात्र कुणाला उसवेना. पंकजावहिनी गोधडीला घालते तशी साधी टीप नव्हे ही, प्रत्येक टाक्याला गाठ! शेवटी प्रयोगशाळेतलं पातं आणून फडकं कापलं. आमचे सर म्हणाले, "तुमच्या आत्याबाईंना इथं नेमा. नमुन्यांच्या पिशव्या पुन्हा कधी गळणार नाहीत."

आता माझं काम. समुद्रात खडकांवर एक तपकिरी शेवाळ वाढतं. आपल्या विहिरीतल्या बुळबुळीत शेवाळासारखं नाही. हातभर उंच, पानं असलेलं, आणि त्याला बारीक बारीक फुगे, द्राक्षाच्या कच्च्या मण्यांसारखे. ओहोटीला आम्ही खडकांवर जातो आणि त्याचे तुकडे आणतो. ह्या खाडीतलं शेवाळ आणि पलीकडच्या खाडीतलं शेवाळ एकाच कुळातलं आहे का, हे मला शोधायचं आहे. एका ठिकाणचं शेवाळ लोकांनी खरवडून नेलं तर दुसरीकडून तिथं पुन्हा येईल, की कायमचं संपेल, हे त्यावरून कळेल.

नुसतं बघून ते कळत नाही. लाटा जोरात आपटतात तिथं शेवाळ आखूड आणि बारीक पानांचं होतं. शांत पाण्यात तेच रुंद पानांचं होतं. सारखं दिसलं म्हणून एका कुळाचं नसतं आणि वेगळं दिसलं म्हणून परकं नसतं. म्हणून त्याच्या आतलं बघावं लागतं. प्रत्येक जिवाच्या आत, डीएनएमध्ये, काही जागी तीच ती अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, जात्यावरच्या ओवीत पालुपद यावं तशी. कुणात ते पालुपद सात वेळा, कुणात अकरा वेळा. त्या जागा हुडकायच्या, म्हणजे मार्कर तयार करायचे. मी मराठीत त्यांना जन्मखुणा म्हणते. त्या जुळल्या की नातं कळतं. ह्या शेवाळाच्या जन्मखुणा आजवर कुणी शोधलेल्या नव्हत्या. एकाच्या खुणा दुसऱ्याला चालत नाहीत, आंब्याच्या चिंचेला नाहीत, म्हणून हे सगळं मुळापासून करावं लागतं.

काम छान चाललं आहे. बायांना असं सांग.

आदीला पापा. त्याचे डोळे मला फार आवडतात.

तुझी,
ज्ञानेश्वरी

*

मिरजगाव
९ फेब्रुवारी २०२५

चि. ज्ञानेश्वरीस,

तुझं पत्र वाचून ऊर भरून आला बघ. दळान घेऊन गिरनीत गेल्ते, पत्र कनवटीलाच हुतं. पुंजाराम गिरनीवाला म्हनला, "मावशे, वाच की." गिरनीच्या आवाजात कुनाला काय ऐकू जानार? तर त्यानं पट्टा काढला आन् गिरनी बंद केली! लाईन लागलेली, तरी बंद केली. मग मी वाचलं. मला माझाच आवाज येत न्हाई, म्हनून वरडून वाचलं. राहीबाई म्हने हसून हसून पिठात बसली. म्हनली, "म्हंजी तुमची भाची शेवाळाला जातीचा दाखला देती व्हय? आमच्या पोराचा अडकलाय, तेवढा बघा म्हनावं." पर मागनं समद्यांनी मान डोलावली. आता गावात तुला जन्मखुनावाली म्हंत्यात.

आता एक काम. कुनाला बोलायचं न्हाई. संगं दोन पुड्या हायेत, शिवलेल्या. एक गाठ मारलीय त्या पुडीत एका लेकराचं जावळ हाय. दोन गाठी मारल्यात तिच्यात एका मानसाचं केस हायेत. दोघांच्या जन्मखुना जुळत्यात का, तेवढं बघ आन् एका वळीत लिव. व्हय का न्हाई.

घर कोनचं, मानूस कोन, इचारू नगंस. त्या घरात सहा म्हैनं झालं चूल पेटती आन् कुनी कुनाशी बोलत न्हाई. तुझ्या एका वळीनं सुटंल.

तुझी आत्या

*

मालवण
२४ फेब्रुवारी २०२५

प्रिय आत्या,

दोन्ही पुड्या पोचल्या. तपासल्या.

व्हय. जन्मखुणा जुळतात. एक गाठीचं लेकरू दोन गाठींच्या माणसाचंच आहे. त्यात तिळमात्र शंका नाही. त्या घरातल्या माणसांना सांग की हा विषय आता कायमचा संपवा, आणि त्या लेकराच्या आईला पुन्हा कुणी एक शब्द बोलू नका.

घर कोणतं ते मी विचारलेलं नाही. विचारण्याची गरजही नाही.

तुझी,
ज्ञानेश्वरी

*

मिरजगाव
११ मार्च २०२५

ज्ञानेश्वरी,

दोन गाठींच्या पुडीत अमृतचं केस नव्हतं.

तुला वाटलं आसंल अमृतचं हायेत. तू हुशार हायेस, जावळ म्हनल्यावर तुला घर कळलंच आसंल. पर ते केस सहादेवचं हुतं. दूध डेअरीवर मापाला बसतो, घाऱ्या डोळ्याचा, तो. पंकजा रोज दूध घालाया जायाची, तो दोन शब्द हसून बोलायचा, तेवढंच. अमृतच्या डोक्यात किडा शिरला. सलूनमदी त्याच्या मागच्या खुर्चीवर बसून त्यानं सहादेवचं केस उचलून आनलं. मी म्हनले, "आरं, अशानं घर मोडंल." मग म्हनले, "थांब, आपली ज्ञानेश्वरी हाय. ती खरं काय ते सांगंल. ती न्हाई म्हनली की तुझा किडा मरंल." मला पक्कं ठावं हुतं तू न्हाई लिवशील. म्हनून मीच पुड्या शिवल्या. जावळ सीनंच्या पान्यात सोडायचं हुतं, ते बी मागं ठिवलं. पंकजाला म्हनले, सोडलं.

तुझं पत्र अमृतनं माझ्या अगुदर फोडलं. पंकजापुढं टाकलं. ती वाचून काय बोलली ते मला ऐकू आलं न्हाई. तिनं आदीला उचललं, पिशवी भरली आन् फाट्यावर जाऊन यष्टीत बसली. माहेरी, शिंगनापूरला. आता गावभर झालंय. सहादेव डेअरीवर येत न्हाई.

मी तुझ्यावर रागावले न्हाई. तू तपासलं, तुला दिसलं ते लिवलं. मला पंकजाचंच नवल वाटतं. माझ्या डोळ्यापुढं वावरली आन् मला कळलं न्हाई. मान वर काढाया जागा ऱ्हायली न्हाई बघ.

झुंबरबाई

*

मालवण
१७ मार्च २०२५

आत्या,

पंकजानं काहीही केलेलं नाही. मी तपासलंच नव्हतं.

तुझं पत्र काल मिळाल्यावर लगेच अमृतदादाला फोन केला. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आता सावरासावर करू नकोस. बाई बाईला राखणारच." मग फोन उचलणं बंद केलं. माझं खोटं त्याला लगेच पटलं, खरं पटत नाही. म्हणून ह्या पाकिटात तुझ्या दोन्ही पुड्या परत पाठवते आहे. हातात घेऊन बघ. तुझाच निळा दोरा आहे, तुझ्याच लुगड्याचं फडकं. एक टाका तरी उसवलेला आहे का बघ. चटणीचं फडकं कापल्याशिवाय उघडलं नव्हतं, हे मी तुला लिहिलंच होतं. ह्या पुड्या माझ्या टेबलाच्या खणात पडून होत्या. दादाच्या हातात दे. तुझी शिवण त्यालाही ओळखता येते, तो त्याच गोधड्यांत वाढला.

मी असं का केलं, ते तुला कळायला हवं. पुड्या बघितल्या तेव्हा कळलं की लेकरू आदी आहे. माणूस म्हणजे दादाच, असं मी धरून चालले. आपल्या घरात दुसऱ्या कुणाचे केस कुणी आणून तपासायला पाठवील, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. वाटलं, मी "तपासता येत नाही" असं लिहिलं तर तो दुसरीकडे जाईल, संशय तसाच राहील. त्यापेक्षा एक "व्हय" लिहून टाकावं, कुणाचं काय बिघडतं? मला वाटलं मी पंकजाला वाचवते आहे. तिला मी विचारलं नाही.

आणि हे एवढंच कारण नाही. "येत नाही" असं लिहायची मला लाज वाटली. माझ्या खुणा फक्त त्या एका शेवाळाच्या आहेत. माणसाच्या केसाला त्यांचा काही उपयोग नाही. शिवाय कुणाला न विचारता त्याचे केस तपासायचा कुणाला हक्क नसतो. हे साधं वाक्य लिहायला हवं होतं. पण गिरणी बंद करून तू माझं पत्र वाचलं होतंस. जन्मखुणावाली म्हणाले होते मला.

आत्या, तुझ्या पुड्या आल्या त्याच आठवड्यात आमच्या सरांनी मला बोलावलं होतं. "काम छान चाललं आहे" असं मी तुला लिहिलं, तेही पुरतं खरं नव्हतं. आमच्या शेवाळाच्या अंगावर दुसरं एक केसासारखं बारीक शेवाळ चिकटून वाढतं. धुताना ते नीट निघालं नव्हतं. तीन वर्षं मी ज्या खुणा मोठ्या शेवाळाच्या म्हणून मांडत होते, त्यातल्या निम्म्या त्या चिकटलेल्याच्या निघाल्या. सर ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "कुणाचा नमुना आहे याची खात्री केल्याशिवाय उत्तर लिहायचं नसतं, बाई." मी मान खाली घालून खोलीवर आले आणि त्या संध्याकाळी तुला "तिळमात्र शंका नाही" असं लिहिलं.

कुणीतरी मला मोठं समजत होतं, ते मला तेव्हा सोडवेना. त्याची किंमत पंकजानं दिली.

पुढच्या महिन्यात सगळे नमुने पुन्हा गोळा करून, धुऊन, सुरुवातीपासून करायचे आहेत. ते करीन. पण तुमच्याकडचं कसं धुऊन निघेल, ते मला कळत नाही.

हे पत्र दादाला वाचायला दे. आणि पंकजाला.

ज्ञानेश्वरी

*

शनिशिंगणापूर
१३ एप्रिल २०२५

ज्ञानेश्वरीताईंना,

आत्या येऊन गेल्या. तुमचं पत्र आणि पुड्या त्यांनी आणल्या होत्या. एकट्याच आल्या, नगरला गाडी बदलून, कंडक्टरला कागदावर गावाचं नाव दाखवत. आमच्या घराला दार नाही, इथं कुणाच्याच नसतं. असतं तर मी लावून घेतलं असतं.

त्या चौकटीत उभ्या राहिल्या. आत या म्हटलं नाही, तर आत आल्या नाहीत. म्हणाल्या, "पंकजे, मी चुकले. तुला जे बोलायचं ते बोल. मला ऐकू यायचं न्हाई, पर तू बोल."

मी बोलले. सहा महिने जे गिळलं होतं ते सगळं बोलले. आमचे आण्णा मध्येच म्हणाले, "अगं, त्यांना ऐकू येत नाही, कशाला घसा कोरडा करतेस?" मी म्हटलं, "म्हणूनच बोलते आहे." आत्या माझ्या तोंडाकडे बघत उभ्या होत्या. आदी जाऊन त्यांच्या पायाला बिलगला. त्यांनी त्याला उचलून घेतलं नाही. माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, तेव्हा घेतलं.

दोन्ही पुड्या त्यांनी यांच्यापुढे ठेवल्या होत्या म्हणे. हे शिवणीवरनं अंगठा फिरवत बसले आणि उठून रानात गेले. अजून आलेले नाहीत इकडे. मी परत जाणार की नाही, ते ते आल्यावर ठरवीन. त्यांना कान आहेत.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही लिहिलंय की मला वाचवायला गेलात. ताई, तुम्ही खोटं लिहिलं तेव्हा मी वाईट ठरले आणि खरं लिहिलं तेव्हा चांगली ठरले. दोन्ही वेळा पत्र तुमचं होतं. मला कुणी एक प्रश्न विचारला नाही, आत्यांनी नाही, यांनी नाही, तुम्हीही नाही. तुमच्याकडे माझा फोन नंबर आहे. आदीच्या वाढदिवसाला तुम्ही त्याच नंबरवर फोन करता.

आदीचे डोळे कुणाचे आहेत, ते मला माहीत आहे. इथं माहेरच्या घरात शोधायला लांब जावं लागत नाही. पण ते मी सांगणार नाही. आता कुणी विचारलं तरी नाही. मी काही नमुना नाही.

एक गाठीची पुडी मी उसवली. आत्यांच्या टाक्याटाक्याच्या गाठी सोडवायला अर्धी दुपार गेली, पण कापली नाही. जावळ हातात घेतलं आणि आदीला घेऊन कालव्यावर जाऊन पाण्यात सोडलं. ते आईनं किंवा लेकराच्या आत्यानं सोडायचं असतं, टेबलाच्या खणात ठेवायचं नसतं.

दोन गाठींची पुडी ह्या पाकिटात आहे. तशीच, शिवलेली. सहादेवभाऊंचं काम सुटलं. त्यांच्या घरी बायको आहे, दोन मुली आहेत. त्यांच्या घरात काय चाललं असेल ते मला कळतं, कारण तेच माझ्याही घरात चाललं होतं. आत्या म्हणत होत्या, चुलीत टाक ती पुडी, संपलं. मी टाकली नाही. ज्याचे केस आहेत त्याला माहीतसुद्धा नाही की ते मालवणला जाऊन आले. ती पुडी तुम्ही स्वतः नेऊन त्यांच्या हातात द्यायची, आणि त्यांच्या बायकोसमोर द्यायची.

आणि अजून एक. तुमचं पहिलं पत्र गिरणीत वाचलं गेलं. दुसरं कुणी वाचून दाखवायची गरजच पडली नाही, ते आपोआप घरोघर पोचलं. हे तिसरं मात्र चार माणसांपलीकडे गेलेलं नाही. आत्या म्हणाल्या, मी वाचते. मी नको म्हटलं. त्यांनी एकदा वाचलंय, पुष्कळ झालं.

तुमचे नमुने गोळा करून झाले की या. बुधवारी या, त्या दिवशी गिरणीत गर्दी असते. पत्र सोबत पाठवते आहे, त्यातलं एकही वाक्य गाळू नका, ते तीन वर्षांचंसुद्धा. मी आदीला घेऊन लाईनीत उभी असेन.

पुंजारामभाऊंना आधी गिरणी बंद करायला सांगा. तेव्हा बंद केली होती.

पंकजा